मोहाची फुलं आणि मार्सेयचं बंदर

फाल्गुन सरत आला की पांढरकवड्याच्या पुढे, झरी-जामणीच्या वाटेवर पहाटेच्या हवेला एक जड गोडवा येतो. बैलाला आधी तो कळतो आणि तो मान वळवतो. पानं गाळून उघडं पडलेलं मोहाचं झाड त्या दिवसांत रात्रभर जागं असतं. फुलं अंधारात उमलतात आणि उजाडायच्या आत टप्‌टप् खाली पडतात. फिकट पिवळी, रसानं भरलेली, आकारानं थेट द्राक्षासारखी. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो आणि कोलाम, गोंड, परधान घरांतल्या बाया-पोरं टोपल्या घेऊन तिथे बसलेली असतात. ऊन चढायच्या आत वेचणं उरकतं. मग फुलं अंगणात पसरतात, दोन-चार दिवसांत ती तपकिरी होतात आणि सुकल्यावर मनुक्यांसारखी दिसतात.

द्राक्ष आणि मनुका या दोन उपमा मी वर्णन सजवायला वापरलेल्या नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधल्या व्यापाऱ्यांनी या फुलाकडे याच नजरेनं पाहिलं होतं. मुंबई बंदरातून वाळलेल्या मोहफुलांची पोती जहाजांवर चढली, मार्सेयला उतरली आणि तिथे त्यांच्यापासून स्वस्त ब्रँडी गाळली गेली. द्राक्षाच्या देशाला मोहाची गरज का पडली, आणि त्याच काळात मोहाच्या देशात मोह वेचणाऱ्याचं काय झालं, हे दोन्ही एकत्र सांगायला हवं.

लांगदोक हा फ्रान्सचा दक्षिण किनारा. एका हाताला भूमध्य समुद्र, दुसऱ्या हाताला सेव्हेन पर्वताच्या उतरणी, मध्ये चुनखडीच्या उघड्या टेकड्या. त्या टेकड्यांवर खुरटी झुडपं, रानटी थाईम आणि रोझमेरी. उन्हाळा कोरडा, आणि वायव्येकडून येणारा त्रामोंतान वारा दिवसेंदिवस थांबत नाही. गव्हाला ही जमीन फारशी देत नाही, वेलीला मात्र देते. रोमनांनी इ.स.पू. ११८ मध्ये नार्बोन वसवलं तेव्हापासून तरी इथे द्राक्ष आहे. सतराव्या शतकात प्येर-पॉल रिके या माणसानं भूमध्य समुद्र आणि तुलूझ यांना जोडणारा कालवा खणून घेतला. १६६६ ला काम सुरू झालं, १६८१ ला पाणी खेळलं. लांगदोकच्या दारूला बाहेरची वाट मिळाली.

खरा बदल रेल्वेनं केला. १८५० च्या दशकात रूळ आले आणि पॅरिसचा, उत्तरेकडच्या खाणी-गिरण्यांचा मजूर लांगदोकचा गिऱ्हाईक झाला. त्याला रोज जेवणाबरोबर स्वस्त तांबडी वाइन हवी होती. शेतकऱ्यानं गहू सोडला, ऑलिव्ह तोडली आणि सपाट जमिनीवर आरामों नावाची, घड लगडणारी पण पाणचट रसाची द्राक्षं लावली. यवतमाळच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आला. इथे ज्वारीच्या जागी कपाशी आली, तिथे गव्हाच्या जागी वेल. दोन्ही मुलुखांचं नशीब एका पिकाला आणि दूरच्या बाजाराला बांधलं गेलं, तेही जवळपास एकाच पिढीत.

मग तिथे रोग आला.

१८६३ मध्ये गार जिल्ह्यातल्या प्युजो गावात वेली उगाच सुकू लागल्या. पानं भर उन्हाळ्यात लाल पडत, घड पिकत नसत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेल मरत असे. मेलेली वेल उपटून पाहावी तर मुळाशी काहीच सापडत नसे. जमीन खराब झाली असं कोणी म्हणे, कोणी देवाचा कोप म्हणे. १८६८ च्या जुलैमध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लांशों आणि त्यांचे दोन सहकारी एका रोगट मळ्यात गेले. त्यांनी मेलेल्या वेली सोडून शेजारच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या वेली उपटल्या. मुळांवर पिवळे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे चिकटलेले होते. वेल मेली की किडे पुढच्या वेलीकडे सरकत, म्हणून मेलेल्या मुळाशी गुन्हेगार कधीच हाती लागत नव्हता. मला या साऱ्या हकिकतीत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. इतरांनी प्रेत तपासलं, या माणसानं जिवंत वेल तपासली.

फिलोक्सेरा हे त्या किड्याचं नाव. तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आला होता. जमिनीत विषारी रसायनं टोचून पाहिली, मळे पाण्याखाली बुडवून पाहिले. सरकारनं उपाय शोधणाऱ्याला तीन लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. शेवटी उतारा रोगाच्याच घरातून आला. अमेरिकन वेलीच्या मुळांना किड्याची सवय होती, तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच कलम असा मळा पुन्हा उभा करायचा. पण प्रत्येक वेल उपटून नव्यानं लावायला वीस-पंचवीस वर्षं गेली. १८७५ मध्ये फ्रान्सनं सुमारे ८४० कोटी लिटर वाइन काढली होती. १८८९ पर्यंत हा आकडा एक चतुर्थांशाच्या जवळ घसरला.

पिणारे मात्र तेवढेच राहिले. ही पोकळी भरायला मग जे हाती येईल ते भांड्यात पडू लागलं. ग्रीस आणि तुर्कस्तानातले मनुके भिजवून त्यांची वाइन झाली. चोथ्यावर साखरपाणी ओतून पुन्हा आंबवलं गेलं. बीटाची, बटाट्याची दारू गाळली गेली. आणि मार्सेयच्या धक्क्यावर हिंदुस्थानातून एक सुकं, गोड, मनुक्यासारखं फूल उतरलं. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते. गाळणाऱ्याला त्याहून जास्त काय हवं?

मुंबईच्या व्यापाऱ्यांना मोह नवा नव्हता. पनवेलच्या खाडीपलीकडे उरणला पारशी मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि मुंबई शहराची मोहाची दारू तिथूनच येई. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या जंगलांतली फुलं गाड्यांनी मुंबईकडे वाहत. त्याच प्रवाहाचा एक फाटा फ्रान्सला वळला. पुढे कलमी वेली फळाला आल्या, नियम आवळले गेले आणि मोहाची ही वाट मिटली. मोहाचं नाव तिथल्या कुठल्याच बाटलीवर आलं नाही. तो फ्रेंच ब्रँडीत विरघळून गेला.

आता इकडे वऱ्हाडात येऊ. १८५३ च्या करारानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. त्याचा आग्नेय कोपरा म्हणजे आपला जिल्हा. तेव्हा त्याचं नाव वणी जिल्हा, इंग्रजी कागदांत ‘वून’. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये सागवानाचं पठार. नदीकाठी काळी माती आणि कपाशी, पठारावर जंगल. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली आणि यवतमाळ हे नाव आलं.

इथल्या माणसाचं मोहाशी असलेलं नातं दारूपुरतं पाहिलं तर ते नीट दिसत नाही. मोह हे आधी अन्न आहे. सुकी फुलं भाजून, कुटून ज्वारीच्या पिठात घालतात, उकडून खातात, लाडू वळतात. बियांचं तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला येतं. पावसाळ्याच्या तोंडी कणगी रिकामी होते तेव्हा हीच फुलं घर चालवतात. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडला फार कडक गेला. त्या वर्षी आणि त्याआधीच्याही दुष्काळांत जंगलाकाठच्या गावांना मोहानं जगवलं. म्हणूनच रान तोडून वावर केलं तरी मोहावर कुऱ्हाड घातली जात नसे. आजही कपाशीच्या तासांच्या मधोमध एकटा मोह उभा दिसतो. तो कोणत्या घराचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

दारू हा याच नात्याचा एक भाग होता. फुलं मडक्यात पाण्यात भिजवायची, काही दिवसांत सडवा तयार होतो. ते मडकं चुलीवर, त्यावर दुसरं पालथं, बांबूच्या नळीतून वाफ बाहेर, आणि गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात धार. लग्न, मयत, पेरणीची पूजा, देवाचा नैवेद्य: मोहाची धार जमिनीवर शिंपडल्याशिवाय यातलं काही सुरू होत नसे. द्राक्षाच्या वाइनेत रस फक्त आंबतो, मोहाच्या बाबतीत आंबल्यावर तो गाळावा लागतो. म्हणून मोहाची बरोबरी वाइनेपेक्षा कोन्याकसारख्या ब्रँडीशी करणं अधिक खरं. मार्सेयच्या व्यापाऱ्यालाही हे कळलं होतं.

इंग्रज सरकारला या धारेत महसूल दिसला. आबकारीच्या पद्धतीत गावभट्टीचा लिलाव व्हायचा, कलाल किंवा ठेकेदार तो घ्यायचा आणि त्या टापूत गाळण्या-विकण्याचा हक्क त्याचा. घरची धार त्यामुळे चोरी ठरली. पुढे गावभट्ट्यासुद्धा नकोशा झाल्या, कारण तिथे किती गाळलं याचा हिशेब लागत नसे. दारू मोठ्या भट्टीत गाळावी, सरकारनं प्रत्येक गॅलनवर कर घ्यावा, ही दिशा ठरली. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला. एवढ्यानं भागलं नाही म्हणून १८९२ मध्ये तिथे खास मोहाचा कायदा झाला, आणि झाडावरून पडलेलं फूल साठवणं-नेणं हीच तपासणीची बाब ठरली. १९०५-०६ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी आबकारी समिती बसली, तिचा कलही मोठ्या भट्ट्यांकडेच होता. मध्यप्रांताचा स्वतःचा आबकारी कायदा १९१५ साली झाला. दुसरीकडे राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, त्यामुळे ज्या झाडाखाली आजी-पणजीनं वेचलं तिथे आता गार्डाला विचारून जावं लागे.

म्हणजे दोन कायदे दोन बाजूंनी आले. वनखात्यानं झाड घेतलं, आबकारीनं मडकं घेतलं. मध्ये राहिलेली बाई मात्र पहाटे वेचतच राहिली, कारण पोट कायद्यानं थांबत नाही.

नेमक्या याच वर्षांत लांगदोकमध्ये वेगळं नाटक घडत होतं. कलमी वेली आता उदंड पिकत होत्या. साखरपाण्याची खोटी वाइन बाजारात होतीच, अल्जीरियाची वाइनही येत होती. भाव कोसळला. पिंपं भरलेली आणि घरात पैसा नाही. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए नावाच्या लहानशा गावातून ८७ शेतकरी वाजतगाजत नार्बोनला निघाले. पुढे मार्सेलँ आल्बेर, गावातलं कॅफे चालवणारा आणि थोडी वेल लावणारा माणूस. रविवारमागून रविवार सभा वाढत गेल्या. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांवर माणसं जमली असं मानलं जातं. नगराध्यक्षांनी राजीनामे दिले, कर देणं थांबवलं. पंतप्रधान क्लेमांसोनं फौज पाठवली. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळ्या चालल्या, माणसं मेली. तेव्हा १७ व्या पलटणीतल्या सुमारे पाचशे शिपायांनी बंड केलं आणि ते बेझिएपर्यंत चालत गेले, कारण ती पलटण याच मुलखातल्या पोरांची होती. आपल्याच बापावर गोळी झाडायची त्यांची तयारी नव्हती.

आल्बेर लपतछपत पॅरिसला जाऊन क्लेमांसोला भेटला. क्लेमांसोनं त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँक दिले आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांना सांगून टाकली. साधा माणूस विकला गेला असा बोभाटा झाला आणि आल्बेरची नेतेपणाची कारकीर्द तिथेच संपली. लढा मात्र वाया गेला नाही. २९ जून १९०७ ला कायदा झाला. साखरेवर जादा कर बसला, प्रत्येक उत्पादकाला आपलं पीक जाहीर करणं भाग पडलं. सप्टेंबरमधल्या हुकुमानं वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांचा किंवा त्यांच्या ताज्या रसाचा आंबवलेला पदार्थ, हे पक्कं झालं. शेतकऱ्यांनी सहकारी तळघरं उभारली. १९३५ मध्ये फ्रान्सनं नावाचा कायदा केला: जी वाइन ज्या गावशिवाराची, त्याच शिवाराचं नाव तिला, दुसऱ्या कोणी ते लावायचं नाही. आणि घरी फळं गाळणाऱ्या शेतकऱ्याचं काय? फ्रान्समध्ये त्याला घरापुरती दारू करमुक्त गाळण्याचा जुना हक्क होता. १९६० पासून तो वारसांना मिळणं बंद झालं, तोवर तो बापाकडून मुलाकडे जात होता.

लांगदोकच्या शेतकऱ्यानं रस्त्यावर येऊन आपल्या पेयाची व्याख्या कायद्यात लिहून घेतली. मोह वेचणाऱ्याची व्याख्या त्याच वर्षांत दुसऱ्यांनी लिहिली, आणि तिच्यात तो आरोपी होता. फरक माणसांच्या धैर्यात नव्हता. आर्जेलिएच्या शेतकऱ्याकडे मत होतं, नगराध्यक्ष होता, आपल्या बोलीत बोलणारी पलटण होती. कोलामाकडे यातलं काही नव्हतं.

यवतमाळनंही आपल्या परीनं कायदा मोडला. १९३० च्या जुलैत वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला. राखीव कुरणातलं गवत कापून माणसं तुरुंगात गेली. मिठाचा समुद्र इथून लांब, गवत जवळ, म्हणून गवत. जंगलावरचा हक्क हा प्रश्न तेव्हा उघड राजकीय भाषेत मांडला गेला. दारूच्या दुकानांपुढे निरोधन हाही त्याच चळवळीचा भाग होता, आणि गांधींच्या दारूबंदीच्या विचाराला विदर्भात मोठा आधार होता. त्यामुळे मोहाच्या बाजूनं तेव्हा कोणी उभं राहिलं नाही. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर इकडेही आला. त्यात मोहफुलांवर नियंत्रण होतंच. वसाहतीच्या काळातली तरतूद स्वराज्यात तशीच पुढे चालली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. दारूनं या जिल्ह्यातली घरं मोडली आहेत. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. ही उदाहरणं समोर असताना यवतमाळच्या बायांनी बंदीची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. मोर्चे काढले, गावोगावी ‘आडवी बाटली’च्या बाजूनं मतदान केलं. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के खरं वाटतं. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतं. ज्या घरातला कर्ता गेला त्या घरातल्या बाईनं दारूविषयी काय म्हणावं, हे बाहेरच्यानं तिला शिकवू नये.

पण त्या बाईच्या रागाचा निशाणा आणि कायद्याचा निशाणा एक नाही. ठेकेदारानं लावलेलं दुकान कर भरतं म्हणून कायदेशीर. पेपरात मात्र ‘इतक्या किमतीचा मोहासडवा नष्ट’ अशी बातमी येते आणि तिच्यात ओतून दिलेलं मडकं बहुधा एखाद्या पाड्यावरचं असतं. सडवा ओतला जातो तेव्हा त्याबरोबर वेचलेल्या पहाटा ओतल्या जातात. कर भरणारी बाटली आणि न भरणारं मडकं, यातलं घर कोणी जास्त मोडलं याचा हिशेब सरकारनं कधी मांडलेला नाही.

२००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिकच्या वाइनला सवलती मिळाल्या, फ्रेंच जाणकार आले, मळ्यांत पर्यटक आले. नाशिकच्या शेतकऱ्याचं भलं झालं, त्याबद्दल मला आनंदच आहे. जानेवारी २०२२ मध्ये तर मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगितलं गेलं. द्राक्ष शेतमाल ठरला. तेवढाच गोड आणि तेवढाच आंबणारा मोह कित्येक दशकं आबकारीच्या वहीत राहिला. मोहफुलं गोळा करणं, ठेवणं आणि वाहून नेणं यांवरचे निर्बंध महाराष्ट्रानं २०२१ मध्ये उठवले. त्याआधी वर्षभर, २०२० च्या मे महिन्यात, केंद्रानं सुक्या मोहफुलाचा हमीभाव किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला होता.

कायद्यात आता जागा आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही तिलाच दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वेचण्या-विकण्याचा हक्क पक्का केला. केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतली बरीच गावं या क्षेत्रात येतात. एकाच ग्रामसभेच्या हाती फुलाची मालकी आणि दारूला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा, यापेक्षा शहाणी तरतूद मला सुचत नाही. आर्जेलिएच्या शेतकऱ्यांना जे गोळ्या खाऊन मिळालं, त्याचा एक तुकडा इथे कागदावर लिहिलेला आहे. तो कागदावरून अंगणात यायला हवा: गावचं गोदाम, गावचा काटा, आणि ‘झरीचा मोह’ असं लिहिलेली लाडवाची, सरबताची, सुक्या फुलाची पुडी, जशी लांगदोकच्या बाटलीवर गावाची पाटी असते.

जुलै २०२१ मध्ये छत्तीसगडच्या जंगलांतली वाळवलेली मोहफुलं समुद्रमार्गे परदेशी रवाना झाली. ती गेली फ्रान्सला. या वेळी पोत्यांबरोबरच्या कागदावर फुलाचं नाव होतं आणि राज्याचंही.

यवतमाळच्या मोहाचं नाव अजून कुठल्या कागदावर नाही. येत्या चैत्रात पांढरकवड्याकडे जाणं झालं तर वेचणाऱ्या बाईकडूनच किलोभर सुकी फुलं घ्या आणि हमीभावाच्या खाली पैसे देऊ नका. मात्र उजाडायच्या आत पोचा. ऊन आलं की झाडाखाली कोणी नसतं.